लेन्स बसवल्यानंतरची चाळीस वर्षं

उणे दहा नंबर असलेल्या माणसाला चष्म्याशिवाय स्पष्ट दिसणारं जग डोळ्यांपासून दहा सेंटिमीटरवर संपतं. नंबर बारा असेल तर आठ सेंटिमीटरवर. त्याच्या पलीकडे सगळं धुकट. रात्री उशाशी ठेवलेला चष्मा सकाळी हाताने चाचपडत शोधावा लागतो. तलावात उतरलेल्या मुलीला काठावर उभी असलेली स्वतःची आई ओळखू येत नाही. केस कापायला बसलेल्या मुलाला समोरच्या आरशात आपलं डोकं नीट दिसत नाही. चष्मा लावला की दिसतं, पण सगळं असतं त्यापेक्षा लहान आणि काचेच्या कडेला वाकलेलं. कॉन्टॅक्ट लेन्स लावावी तर रोजची स्वच्छता, कोरडे पडणारे डोळे, आणि नळाच्या पाण्याने लेन्स धुवायच्या एका सवयीतून कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराला, होऊ शकणारा गंभीर संसर्ग. एक-दीड नंबरवाली माणसं ‘चष्म्याचं काय एवढं’ असं सहज म्हणून जातात. त्यांच्या नाकावरचा चष्मा आणि या माणसांच्या नाकावरचा चष्मा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अशांपैकी बरेच जण विशी ओलांडली की नंबर घालवायला लेसरची चौकशी करतात, तपासण्या होतात, आणि त्यांना सांगितलं जातं की तुमच्या डोळ्यांवर लेसर करता येणार नाही. मग दुसरा मार्ग पुढे येतो. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग तसंच ठेवायचं आणि त्याच्या पुढ्यात एक पातळ लेन्स कायमची बसवायची. तिला फेकिक लेन्स म्हणतात; दवाखान्यात मात्र आयसीएल हेच नाव कानावर पडतं. मोठ्या नंबराच्या तरुण माणसासाठी ही शस्त्रक्रिया म्हणजे गेल्या चार दशकांत नेत्रवैद्यकाने दिलेली एक खरी देणगी आहे असं माझं मत आहे, आणि या लेखात तिच्याविरुद्ध बोलायचं नाही. बोलायचं आहे ते ती ज्या पद्धतीने सांगितली जाते आणि विकली जाते त्याबद्दल. वीस मिनिटांचं काम, टाका नाही, दुसऱ्या दिवशी चष्म्याविना जग. हे सगळं खरं आहे. पण चोविसाव्या वर्षी बसवलेली ही लेन्स मोतीबिंदूचं वय येईपर्यंत, म्हणजे पस्तीस-चाळीस वर्षं, त्या डोळ्यात राहायची असते. रुग्णालयाचं दरपत्रक, विमा कंपनीचे नियम आणि घरातली चर्चा या तिन्ही ठिकाणी मात्र हिशेब होतो तो पहिल्या दिवसाचाच.

लेसरला नकार का मिळतो हे आधी पाहू, कारण लेन्सची बाजू त्यातूनच भक्कम होते. लेसर कॉर्नियाचा थोडा भाग उडवून तो चपटा करतो. सहा मिलिमीटर रुंदीच्या भागात एक नंबर कमी करायला साधारण बारा मायक्रॉन जाडी खर्च होते. दहा नंबरासाठी १२० मायक्रॉन. लॅसिक या लेसर पद्धतीत वरचा पापुद्रा उचलतात, त्याचे आणखी शंभर-एकशेवीस. खाली किमान २५० ते ३०० मायक्रॉन अखंड राहिले पाहिजेत, नाहीतर कमकुवत झालेला कॉर्निया पुढे फुगत जाण्याची भीती असते. आता हे गणित आपल्याकडच्या डोळ्यांना लावून पाहा. नागपूर परिसरातल्या खेड्यांत झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या मोठ्या पाहणीत तिशीच्या पुढच्या माणसांच्या कॉर्नियाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉनच्या आसपास भरली. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत ती ५४०च्या घरात धरलेली असते. त्याच पाहणीत २.३ टक्के लोकांमध्ये कॉर्निया शंकूसारखा फुगण्याचा विकार, म्हणजे केराटोकोनस, नोंदवला गेला. त्यासाठी वापरलेला निकष काहीसा ढिला होता हे मान्य केलं, तरी विदर्भातल्या पातळ कॉर्नियाच्या मोठ्या नंबरवाल्या मुलाला ‘लेसर नको’ असं सांगणारा डॉक्टर त्याचं भलंच करत असतो.

लेन्स कॉर्नियातून काही काढून घेत नाही, डोळ्यात भर घालते. जाड चष्म्यातून लहान दिसणारं जग तिच्यामुळे पूर्ववत आकाराचं होतं, आणि म्हणून अनेकांना शस्त्रक्रियेनंतर चष्म्यापेक्षाही एखादी ओळ जास्त वाचता येते. वैद्यकीय पुराव्यांची काटेकोर छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने सहा ते वीस नंबरांच्या डोळ्यांवर झालेल्या तुलनात्मक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा लेसरपेक्षा लेन्सकडे झुकणारा निष्कर्ष निघाला: चष्म्यासह मिळणारी कमाल दृष्टी गमावण्याचा धोका कमी, मंद प्रकाशातला ठळकपणा जास्त, रुग्णांचं समाधानही जास्त. पण या तुलनेचा कालावधी होता एक वर्ष. आणि चाचण्या तीन, डोळे सव्वादोनशेच्या आसपास. एका वर्षाचा निकाल चाळीस वर्षांच्या करारासाठी किती उपयोगी पडतो, या प्रश्नाचं उत्तर नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियांच्या इतिहासात शोधायला हवं, आणि तो इतिहास लेन्स बसवून घेणाऱ्या प्रत्येकाने वाचावा इतका महत्त्वाचा आहे.

जपानमध्ये त्सुतोमु सातो नावाचे नेत्रतज्ज्ञ होते. १९३०च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे महायुद्धानंतर त्यांनी कॉर्नियाला आतल्या बाजूने बारीक चिरा देऊन तो चपटा करण्याची पद्धत विकसित केली. नंबर कमी व्हायचा, माणसं खूश होऊन घरी जायची. त्या काळाच्या कोणत्याही मोजपट्टीने ही शस्त्रक्रिया यशस्वी होती. पुढे दहा-वीस वर्षांनी यातले बरेच कॉर्निया सुजू लागले, पांढुरके झाले, त्यांवर फोड आले. कारण असं की कॉर्नियाच्या आतल्या पृष्ठभागावर पेशींचा एकच एक थर असतो, एंडोथेलियम. कॉर्नियात शिरणारं पाणी अखंड बाहेर उपसत राहून त्याला पारदर्शक ठेवणं हे त्याचं काम. या पेशी एकदा मेल्या की नव्याने तयार होत नाहीत. उरलेल्या पसरून जागा भरून काढतात, आणि संख्या फारच खाली गेली की उपसा थांबतो. सातोंच्या काळात या थराचं महत्त्व कुणाला उमगलेलंच नव्हतं. त्यांनी निष्काळजीपणा केला नाही. त्यांच्या शस्त्रक्रियेचं खरं फळ दिसायला जितका काळ जावा लागणार होता, तितका तो तेव्हा गेलेला नव्हता.

लेन्सच्या बाबतीतही तेच झालं. इटलीतल्या बेनेदेत्तो स्ट्राम्पेली यांनी १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात निकटदृष्टीच्या डोळ्यात, नैसर्गिक भिंगाला हात न लावता, पुढच्या कप्प्यात लेन्स बसवली. बार्सिलोनाच्या होआकीन बराकेर यांनी त्या दशकात अशा लेन्स मोठ्या संख्येने बसवल्या आणि त्यांतल्या पुष्कळ पुढे काढाव्या लागल्या, कारण कॉर्निया आणि बुबुळाच्या रंगीत पडद्यामधल्या त्या जागेत लेन्स एंडोथेलियमच्या फार जवळ येत होती. मग ही कल्पना तीस वर्षं जवळपास मागेच पडली. १९८०च्या दशकात ती दोन वाटांनी परत आली. नेदरलँड्समधल्या यान वर्स्ट यांनी रंगीत पडद्यालाच चिमट्यासारखी पकडून राहणारी लेन्स केली. मोतीबिंदूनंतर बसवायच्या या जातीच्या लेन्सच्या घडणीत अमृतसरच्या डॉ. दलजित सिंग यांचाही वाटा होता. तर मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी १९८६ साली रंगीत पडद्याच्या मागे आणि नैसर्गिक भिंगाच्या पुढे, त्या अरुंद फटीत, सिलिकॉनची लेन्स ठेवली. आज सर्वाधिक वापरली जाणारी आयसीएल ही फ्योदोरोव्ह यांच्या कल्पनेचीच वंशज. कॅलिफोर्नियातल्या स्टार सर्जिकल कंपनीने तिच्यासाठी कोलॅजनचा अंश असलेला कोलामर हा मऊ पदार्थ वापरला, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २००५ मध्ये तिला परवानगी दिली.

अपयशांचा हा इतिहास फार जुना, आता विज्ञान पुढे गेलं आहे, असं कुणी म्हणेल. पण पुढच्या कप्प्यात कोपऱ्यांवर टेकणाऱ्या लेन्सचे एकामागून एक आधुनिक अवतार या शतकातही बाजारात आले आणि मागे घेतले गेले. अ‍ॅल्कॉन या बलाढ्य कंपनीची ‘कॅशे’ ही त्यांतली शेवटची मोठी लेन्स. मऊ, घडी होणारी, उत्तम दृष्टी देणारी. काही डोळ्यांत एंडोथेलियमच्या पेशी अपेक्षेपेक्षा झपाट्याने कमी होताहेत असं दिसल्यावर २०१२ मध्ये तिचं वितरण थांबवलं गेलं. ज्यांच्या डोळ्यांत ती आधीच बसली होती, त्यांच्या हाती नियमित पेशीमोजणी करत राहणं एवढंच उरलं. पहिल्या वर्षी ते सगळे समाधानी रुग्णच होते.

भिंगापुढच्या फटीत बसणाऱ्या आयसीएलची अडचण वेगळी निघाली. ती कॉर्नियापासून दूर असते, पण मागच्या नैसर्गिक भिंगाच्या अगदी जवळ असते. या दोघांमधल्या अंतराला व्हॉल्ट म्हणतात आणि सारं यशापयश या अंतरावर अवलंबून आहे. ते साधारण २५० ते ७५० मायक्रॉन असावं असं मानतात. कमी पडलं तर डोळ्यातल्या द्रवाचा भिंगाभोवतीचा प्रवाह मंदावतो, लेन्स भिंगाला घासू शकते, आणि मोतीबिंदू येतो. जास्त झालं तर रंगीत पडदा पुढे ढकलला जातो, द्रव बाहेर जाण्याचा कोपरा अरुंद होतो आणि डोळ्यातला दाब वाढू शकतो. सगळी कसोटी लेन्सची योग्य लांबी निवडण्यात आहे. अमेरिकेत परवानगी मिळालेली आयसीएल १२.१ ते १३.७ मिलिमीटर या टप्प्यात केवळ चार मापांत येते, आणि ज्या खोबणीत तिचे पाय टेकतात ती रंगीत पडद्याच्या मागे असल्यामुळे वरून दिसत नाही. कॉर्नियाची रुंदी मोजून अंदाज बांधायचा किंवा विशेष सोनोग्राफीने थेट मोजमाप घ्यायचं, हे मुख्य मार्ग. म्हणून शस्त्रक्रिया ठरवताना शस्त्रक्रिया कोण करणार यापेक्षा मोजमाप कसं घेणार हे आधी विचारावं, असं मला वाटतं.

स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या डॉक्टरांनी आयसीएलच्या जुन्या प्रकाराचा दहा वर्षांचा पाठपुरावा करून तो २०१६ साली प्रसिद्ध केला. पाच वर्षांनी सुमारे पाच टक्के डोळ्यांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावी लागली होती. दहा वर्षांनी हे प्रमाण १८.३ टक्क्यांवर गेलं. पाच वर्षांवर थांबलेल्या अभ्यासकाला ही लेन्स निर्धोक वाटली असती. दहाव्या वर्षी तपासणाऱ्याला पाचातल्या जवळपास एका डोळ्याचं नैसर्गिक भिंग गेलेलं दिसलं. आणि हे रुग्ण म्हातारे नव्हते.

या अडचणीवर उत्तरही सापडलं, आणि ते फार सुंदर आहे. जपानचे किमिया शिमिझू यांनी लेन्सच्या मधोमध एक छिद्र ठेवायची कल्पना मांडली, ०.३६ मिलिमीटरचं. दृष्टीला त्याची बाधा जवळपास होत नाही, काहींना रात्री दिव्यांभोवती एक कडं दिसतं तेवढंच. पण द्रव त्यातून सरळ पुढे येतो आणि भिंगाभोवतीचा प्रवाह चालू राहतो. पूर्वी शस्त्रक्रियेआधी रंगीत पडद्याला लेसरने छिद्रं पाडावी लागत, ती गरजही संपली. छिद्राची लेन्स युरोपात २०११पासून वापरात आहे; अमेरिकेत तिला मार्च २०२२ मध्ये परवानगी मिळाली आणि त्या परवानगीमागच्या चाचणीचे प्रमुख निकाल सहा महिन्यांचे होते. मोतीबिंदूचं प्रमाण या लेन्सने खूपच खाली आणलं आहे यात वाद नाही. मीही आज कुणाला सल्ला द्यायची वेळ आली तर हीच लेन्स सांगेन. पण लोझानसारखा दीर्घ आरसा समोर धरायला जेवढा काळ लागतो तेवढा तिच्या बाबतीत आता कुठे पुरा होतो आहे. पंचवीस वर्षांनंतरचं चित्र आज कुणाकडेच नाही. आणि दवाखान्याबाहेरच्या जाहिरातीत हे वाक्य कुठेही लिहिलेलं नसतं.

जाहिरातीत असतं ते दुसरंच एक वाक्य: ‘नको वाटली तर लेन्स काढता येते.’ हे चुकीचं नाही. लेसरने उडवलेला कॉर्निया परत येत नाही, लेन्स मात्र बाहेर येते. वेळ पडल्यास माप बदलून दुसरी बसवता येते, आणि मोतीबिंदू झाला तर लेन्स काढून नेहमीची शस्त्रक्रिया करता येते. ही मोठी जमेची बाजू आहे. पण लेन्स काढणं म्हणजे पुन्हा डोळा उघडणं. पुन्हा काही पेशींचा ऱ्हास, पुन्हा संसर्गाची विरळा पण भीषण शक्यता. दहा वर्षांत ज्या पेशी गेल्या त्या लेन्स काढल्याने परत येत नाहीत, मोतीबिंदू सुरू झाला असेल तर तो मागे फिरत नाही. म्हणजे काढता येते ती लेन्स. लेन्स नसती तर त्या डोळ्याची आज जी अवस्था असती, ती परत मिळत नाही. हा फरक रुग्णाला संमतिपत्रावर सही करण्याआधी साध्या मराठीत सांगायला दोन मिनिटं लागतात.

पेशींच्या बाबतीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जे केलं ते मला अनुकरणीय वाटतं. तरुणपणी प्रति चौरस मिलिमीटर साधारण अडीच ते तीन हजार पेशी असतात आणि वयानुसार दरवर्षी अर्ध्या टक्क्याहून थोड्या जास्त आपोआप कमी होतात. लेन्स बसवल्यावर हा वेग किती वाढू शकतो हे धरून, कोणत्या वयाला आणि पुढच्या कप्प्याच्या किती खोलीला किमान किती पेशी असल्या तरच शस्त्रक्रिया करावी याचा तक्ता त्यांनी दिला आहे. तो बांधला आहे पंचाहत्तराव्या वर्षी त्या डोळ्यात हजार पेशी तरी उरल्या पाहिजेत या हिशेबावर. एकवीस वर्षांच्या मुलाचा विचार करताना ते त्याच्या पंचाहत्तरीपर्यंत मोजतात. आपल्याकडच्या किती समुपदेशकांच्या टेबलावर असं कोष्टक उघडं असतं?

आता त्या गोष्टीकडे येतो, जिची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. मोठा उणे नंबर हा कॉर्नियाचा दोष क्वचितच असतो. तो बहुधा डोळा लांब झाल्यामुळे येतो. सर्वसाधारण डोळा पुढून मागे साधारण चोवीस मिलिमीटर असतो. दहा-बारा नंबरचा डोळा सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत वाढलेला असतो. त्या ताणाने मागचा रेटिना पातळ होतो, कडेला त्याची जाळी पडते, कधी भोक पडतं, आणि मग तो पडदा सरकतो. काचबिंदूचा धोका वाढतो, मध्यबिंदूची झीज होऊ शकते. लेसर करा, लेन्स बसवा, चष्मा लावा, डोळ्याची मागे वाढलेली लांबी काही कमी होत नाही. नंबर शून्य झाला तरी डोळा दहा नंबरचाच राहतो.

चष्मा असतो तोवर माणूस दर एक-दोन वर्षांनी डोळे तपासायला जातो, कारण काच बदलायची असते. त्या निमित्ताने कुणीतरी पडदा पाहतं. चष्मा गेला की हे निमित्तही जातं. पाच वर्षांनी अशा माणसाला कुणी विचारलं तर तो म्हणतो, ‘मला डोळ्यांचा काही त्रास नाही, नंबर होता तो काढून टाकला.’ डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं, कडेने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला हवं. पण स्वतःला बरा झालेला समजणारा माणूस दोन आठवडे थांबतो, आणि पडद्याच्या बाबतीत दोन आठवडे फार असतात. सैन्यदलांच्या वैद्यकीय नियमांना हे कळतं. लेसरने नंबर काढलेल्या उमेदवाराची दृष्टी तपासून ते थांबत नाहीत, डोळ्याची लांबीही मोजतात आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा लांब डोळा नाकारतात. जे भरतीच्या वैद्यकाला कळतं ते रुग्णाच्या घरात कळलेलं नसतं. भरतीसाठी म्हणून नंबर घालवायला निघालेल्या मुलामुलींनी तर त्या पदाच्या नियमांत कोणती शस्त्रक्रिया चालते हे आधी लेखी पाहावं; डोळ्यात बसवलेल्या लेन्सचा नियम लेसरच्या नियमापेक्षा वेगळा असू शकतो.

अधिक, म्हणजे प्लस, नंबरवाल्यांना या सगळ्यात फारशी जागा नाही, हेही सांगून टाकतो. त्यांचा डोळा आखूड असतो, पुढचा कप्पा उथळ असतो, आणि लेन्सला लागणारी सुमारे तीन मिलिमीटरची खोली तिथे बहुधा मिळत नाही. छिद्राच्या लेन्सची सोयही दूरदृष्टीच्या आयसीएलला लाभलेली नाही, त्यामुळे रंगीत पडद्याला छिद्रं पाडावीच लागतात. अमेरिकेत दूरदृष्टीसाठी आयसीएलला परवानगीच नाही. चाळिशी ओलांडलेल्या अशा माणसाला मोतीबिंदूसारखी शस्त्रक्रिया करून स्वच्छ भिंगच बदलण्याचा पर्याय दिला जातो. त्याची चर्चा वेगळी. मोठ्या उणे नंबरच्या तरुणाला मात्र तोच पर्याय कुणी सुचवला तर त्याने दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं, कारण लांब डोळ्यात भिंग काढल्यावर पडदा सरकण्याचा धोका वाढतो. तिथे आयसीएल नि:संशय सरस.

मग या लेन्ससाठी माणसं एवढी आतुर का असतात? काहींची गरज वर सांगितली तशी खरी असते. काहींची नसते. तीन-चार नंबर असलेल्या, चष्म्याने उत्तम दिसणाऱ्या मुलीला लग्न ठरण्याआधी ‘नंबर काढून घे’ म्हणणारी माणसं आपल्या घरांत आहेत. स्थळ पाहायला आलेल्यांपुढे जाताना चष्मा काढून ठेवायला सांगणारी आई वाईट नसते. तिला समोरच्यांची नजर ठाऊक असते. पण त्या नजरेसाठी निरोगी डोळ्यात शस्त्र घालणं आणि दहा सेंटिमीटरच्या जगातून सुटण्यासाठी घालणं या दोन निर्णयांचं वजन एक नाही. जोखीम दोघींची जवळपास सारखी, लाभ मात्र वेगळा. नेत्रतज्ज्ञाने दुसरीला हो म्हणावं आणि पहिलीला विचार करायला वेळ द्यावा, अशी माझी अपेक्षा आहे. अनेक चांगले डॉक्टर हे करतातही.

पैशाचा प्रश्न इथेच येतो. परदेशी लेन्सचा खर्च दोन्ही डोळ्यांना मिळून मध्यमवर्गीय घराला कर्ज काढायला लावेल इतका होतो. बडोद्याच्या केअर ग्रुपने आयपीसीएल आणि अहमदाबादच्या बायोटेक कंपनीने आयक्रिल फेकिक या लेन्स भारतात बनवायला सुरुवात केली, त्यामुळे किंमत खाली आली ही फार मोलाची गोष्ट आहे. मदुराईच्या ऑरोलॅबने मोतीबिंदूच्या लेन्स इथेच बनवून स्वस्त केल्या, त्याच दिशेचं हे पाऊल. पण स्वस्त झालेली लेन्स जास्त डोळ्यांत जाणार, आणि वेगळ्या पदार्थाच्या लेन्सचा दीर्घ अनुभव वेगळाच गोळा करावा लागणार. कोलामरचे दहा वर्षांचे आकडे या भारतीय लेन्सच्या हायड्रोफिलिक अ‍ॅक्रिलिक या पदार्थाला लागू होतात असं धरून चालता येत नाही.

विम्याचं एक कलम रुग्णांना क्वचितच माहीत असतं. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या वगळण्यांच्या यादीत नंबर घालवण्याचा खर्च नाकारला आहे, पण तो साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी नंबरासाठी. म्हणजे साडेसात आणि त्यावरच्या नंबरासाठी हे वगळण्याचं कलम आड येत नाही. हे विचारी कलम आहे: गरज आणि हौस यांच्यात कुठेतरी रेषा ओढायचा त्यात प्रामाणिक प्रयत्न आहे. दवाखान्यात जायच्या आधी आपली पॉलिसी काढून ते वाचावं. मात्र तिथेही पैसे मिळतात ते शस्त्रक्रियेचे. त्यानंतर दरवर्षी पेशी मोजायच्या, व्हॉल्ट पाहायचा, दाब तपासायचा, बाहुली मोठी करून रेटिना बघायचा, याचा खर्च बहुतेक पॉलिसींत रुग्णाच्याच खिशातून जातो, आणि पंचविशीतला निरोगी वाटणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो करायचं थांबवतो. रुग्णालयांनी लेन्सच्या किमतीतच पहिल्या दहा वर्षांच्या वार्षिक तपासण्या धरल्या पाहिजेत. आज किंमत थोडी जास्त दिसेल, पण ती खरी किंमत असेल.

ज्यांच्या घरात आठ-दहा वर्षांचं मूल आहे आणि नंबर दरवर्षी वाढतो आहे, त्यांनी ‘अठरा-एकवीसचा झाला की ऑपरेशन करू’ म्हणून थांबू नये. लांब झालेला डोळा आखूड होत नाही, पण लांब होण्याचा वेग कमी करता येतो. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत रोज चाळीस मिनिटं जास्त मैदानात घालवणाऱ्या मुलांमध्ये तीन वर्षांत नव्याने निकटदृष्टी येण्याचं प्रमाण ३०.४ टक्के राहिलं; इतर मुलांमध्ये ते ३९.५ टक्के होतं. तैवानने २०१०पासून शाळकरी मुलांना दिवसाला दोन तास उघड्यावर आणायचा कार्यक्रमच घेतला. नंबर आलेल्या मुलांसाठी कमी मात्रेचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब आहेत. आठ नंबरऐवजी पाचावर थांबलेला डोळा पुढे आयुष्यभर जास्त सुरक्षित असतो, मग तो चष्मा लावो की लेन्स.

ज्यांना लेन्स बसलीच आहे किंवा बसवायची आहे त्यांच्यासाठी मला एक ठोस मागणी करायची आहे. भारतात किती फेकिक लेन्स बसल्या, कोणत्या बनावटीच्या, दहा वर्षांनी त्यांतल्या किती काढाव्या लागल्या, हे सांगू शकेल अशी सक्तीची राष्ट्रीय नोंदवही नाही. स्वीडनने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची नोंदवही १९९२पासून चालवली आणि त्यातून शिकून उपचार सुधारले. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांचे दुष्परिणाम कळवायला २०१५पासून मटेरिओव्हिजिलन्सची व्यवस्था आहे, पण ती बिघडलेल्या घटनांची नोंद घेते; न बिघडलेल्या डोळ्यांचा हिशेब त्यात येत नाही आणि त्याशिवाय प्रमाण निघत नाही. अखिल भारतीय नेत्रतज्ज्ञ संघटनेने आणि महाराष्ट्राच्या संघटनेने मनावर घेतलं तर सरकारची वाट न बघता हे काम सुरू होऊ शकतं. तोवर प्रत्येक रुग्णाने शस्त्रक्रियेनंतर एक कार्ड मागून घ्यावं. त्यावर लेन्सची बनावट, माप आणि क्रमांक, शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, डोळ्याची लांबी, पुढच्या कप्प्याची खोली, शस्त्रक्रियेआधीची आणि नंतरची पेशीसंख्या आणि पहिल्या महिन्यातला व्हॉल्ट, एवढं असावं. मोतीबिंदू काढायला बसलेल्या डॉक्टरसमोर साठाव्या वर्षी उणे नंबरचा चष्मा न लावणारा माणूस येईल, तेव्हा त्या डोळ्याचा मूळ नंबर काय होता हे त्याला याच कार्डावरून कळणार आहे.